पनवेलचा मोहल्ला आणि दिमोनाची चेंडूफळी

पनवेलच्या जुन्या वस्तींत इस्राएल मोहल्ला म्हणून एक भाग आहे. मुंबई-पुणें रस्त्यानें मोटारींतून धांवणाऱ्यांस तो दिसत नाहीं. नव्या पनवेलांत राहावयास आलेल्या पुष्कळांस तर त्याचें नांवहि ठाऊक नसतें. तेथें बेथ एल या नांवाचें यहुदी लोकांचें प्रार्थनामंदिर १८४९ सालापासून उभें आहे. बेथ एल म्हणजे हिब्रू भाषेंत देवाचें घर. आपण देवालय म्हणतों तें अक्षरशः हेंच. या लोकांच्या नियमाप्रमाणें सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. एके काळीं हे दहा पुरुष एकाच बोळांत सांपडत. आतां कोंकणांतील अशा बहुतेक मंदिरांत ते दहा जमविणें हेंच एक काम होऊन बसलें आहे. ते गेले कोठें, हें थोडेंबहुत सर्वांस माहीत आहे. तेथें गेल्यावर त्यांचें काय झालें, आणि वाळवंटाच्या कांठीं वसलेल्या एका गांवांत त्यांचीं मुलें-नातवंडें कोंकणी उन्हाळ्याची आठवण होईल अशा उन्हांत चेंडूफळी कां खेळत राहिलीं, हा वृत्तांत मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं. तो घरांतील वडील माणसांस व मुलांस सारखाच मनोरंजक वाटेल असा आहे.

प्रथम या लोकांची ओळख. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाचे पुत्र. त्यांची परंपरा अशी सांगते कीं, फार प्राचीन काळीं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास एक जहाज फुटलें व त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांचीं प्रेतें त्यांनीं तेथेंच पुरलीं. नवगांवीं त्या जागेवर आज स्मारक आहे. वांचलेल्यांचा वंश कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आतांच्या रायगडच्या, गांवोगांव पसरला आणि ज्या गांवीं राहिला त्या गांवाचें नांव लावूं लागला. पेणकर, रोहेकर, नवगांवकर, किहीमकर, अष्टमकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर हीं नांवें वाचून कोणासहि जेरूसलेमची आठवण होणार नाहीं. धंदा बहुधा तेलाच्या घाण्याचा. आठवड्याचे सहा दिवस घाणा चाले आणि शनिवारीं बैल सोडून ठेवीत, म्हणून गांवानें त्यांस शनवार तेली म्हटलें. त्यांचा धर्म काय, ग्रंथ कोणता, देव कोणता, याची चौकशी कोणीं केली नाहीं. शनिवारीं घाणा बंद, एवढी खूण गांवाला पुरली.

ही खूण लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम आहे. माणसांना वेगळें ओळखण्यासाठीं समाज फार खोल जात नाहीं. समोर दिसेल तें एक चिन्ह उचलतो आणि त्यावर नांव ठेवून मोकळा होतो.

घरांतील राहणी मात्र आमच्या-तुमच्या घरांहून फार निराळी नव्हती. लग्नांत हळद, मेंदी व हिरव्या बांगड्या; गळ्यांत मंगळसूत्र; सणाला पुरणपोळी. त्यांच्या धर्मशास्त्रांत मांसाबरोबर दूध चालत नाहीं, म्हणून कालवणास नारळाचें दूध वापरण्याची कोंकणी चाल त्यांना इतकी सोयीची पडली कीं, ती जणूं त्यांच्यासाठींच निघाली होती. हिब्रू सणांना त्यांनीं मराठी नांवें दिलीं तीं तर ऐकण्यासारखीं आहेत: वर्षारंभ तो नवियाचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफळणीचा सण, पूरीमचा उत्सव म्हणजे होळीचा सण, आणि जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो बिरड्याचा सण. एवढ्या थोर शोकाला वालाच्या बिरड्याचें नांव मिळालें याचें हसूं येईल. पण उपास सोडतांना त्या दिवशीं पानांत काय असे हें स्त्रियांच्या लक्षांत राहिलें आणि नांवें बहुधा स्त्रियांनींच ठेवलीं असावीं असें मला वाटतें. एलियाहू नबीच्या नांवानें पोहे, नारळ व फळांचें ताट मांडून मलिदा करण्याचा विधि तर त्यांच्याखेरीज दुसऱ्या यहुद्यांत मुळींच नाहीं. १८८० च्या सुमारास बायबलांतील आख्यानांवर मराठी कीर्तनेंहि त्यांच्यांत होऊं लागलीं. आपल्या सहवासांतून त्यांनीं आपली एक वाईट खोडहि घेतली: गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद त्यांच्यांत पडला आणि पिढ्यान् पिढ्या एकमेकांत रोटीबेटीचा संकोच राहिला. चांगल्याचा उल्लेख करतांना हें वगळणें बरें नव्हे.

इंग्रजी अमलांत घाणे सुटले. पलटण, रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळ, शाळा यांत हे लोक शिरले आणि मुंबईस जाऊन राहिले. हायम सामुएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत त्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली व पुढें समाजाचा इतिहास लिहिला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें केलीं. डॉ. ई. मोझेस १९३७ सालीं मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारे लोक रोज त्यांच्या नांवाच्या रस्त्यावरून जातात व हे मोझेस कोंकणांतले मराठी गृहस्थ होते हें बहुतेकांस ठाऊक नसतें.

मुंबईस गेल्यावर जें जें मुंबईकरांस लागलें तें यांनाहि लागलें, आणि त्यांत चेंडूफळीचें वेड आलेंच. येथें एक मौजेची गोष्ट आहे. मुंबईंत त्या काळीं धर्मवार संघांचे सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान असे चार संघ होते. १९३७ पासून त्यांत पांचवा संघ आला. त्याचें नांव ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, बौद्ध आणि यहुदी हे सगळे त्यांत. पाणिनीच्या व्याकरणांत शेष नांवाचा एक प्रांत आहे. वर सांगितलेल्या कोणत्याहि अर्थांत जें बसलें नाहीं तें तेथें जाऊन बसतें. मुंबईच्या क्रीडाशास्त्रांत आमच्या शनवार तेल्यांची जागा अशी शेषांत होती. पण शेष म्हणजे दुर्बळ नव्हे. १९४३ सालच्या अंतिम सामन्यांत हिंदु संघाविरुद्ध या उरलेल्यांची दुसऱ्या डावांत एकूण धांवसंख्या ३८७ झाली, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. हजारे ख्रिस्ती होते; पण ज्या यहुदी मुलांनीं तो डाव ऐकला-पाहिला त्यांना तो आपल्याच माणसाचा वाटला असल्यास नवल नाहीं. १९४६ नंतर हे सामने बंद पडले, आणि धर्मावर संघ बांधण्याची ती रीत गेली तें ठीकच झालें.

याच समाजांतले ज्युडा रूबेन हे पुढें कसोटी सामन्यांचे पंच झाले. १९६९ ते १९७७ या काळांत त्यांनीं दहा कसोट्यांत पंचाचें काम केलें. १९७७ च्या जानेवारींत मद्रासच्या कसोटींत जॉन लीव्हर या इंग्रज गोलंदाजाजवळची व्हॅसलीन लावलेली कापडाची पट्टी मैदानावर सांपडली आणि केवढा गहजब झाला तें जुन्या लोकांना आठवत असेल. ती पट्टी पाहून पुढें मांडणारे पंच हेच रूबेन. लीव्हरला दोषी ठरविण्यांत आलें नाहीं. पट्टी घाम डोळ्यांत जाऊं नये म्हणून होती असें सांगण्यांत आलें. सत्य कांहीं असो, पाहिलें तें सांगितलें एवढें पंचाचें कर्तव्य रूबेन यांनीं केलें.

आतां स्थलांतराकडे येऊं. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र निर्माण झालें तेव्हां भारतांत सुमारें वीस हजार बेने इस्राएल होते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्यांतील बहुतेक तिकडे गेले. कोणीं छळलें म्हणून ते गेले नाहींत. भारतांत आमचा छळ कधीं झाला नाहीं, हें त्या समाजांतले लोकच सर्वांआधीं सांगतात. ‘पुढच्या वर्षीं जेरूसलेमांत’ असें प्रार्थनेंत पिढ्यान् पिढ्या म्हणत आलेल्यांस तें पुढचें वर्ष एकदां खरेंच उगवलेलें दिसलें, हें एक कारण. इंग्रज गेल्यावर सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांत पूर्वीची खात्री राहिली नाहीं, हें दुसरें. तिसरें कारण सगळ्या गांवांना लागू पडतें: शेजारचीं चार घरें गेलीं कीं पांचवें राहत नाहीं.

माझ्या वर्गांत मोहल्ल्यांतला एक मुलगा होता. आम्ही सातवींत असतां, १९७१ च्या सुमारास, तें कुटुंब गेलें. निघतांना त्यानें आपली फळी मला दिली, कारण तिकडे सामान तोलून नेतात असें त्याला कोणीं तरी सांगितलें होतें. वर्षभरानें त्याचें पत्र आलें त्यांत पहिलें वाक्य होतें: ‘येथें फळी मिळत नाहीं.’

तिकडे गेलेल्यांना जें सोसावें लागलें तें थोडें नाहीं. प्रथम गेलेल्यांना नेगेव्ह वाळवंटांतील बीरशेबासारख्या ठिकाणीं धाडण्यांत आलें. नोकऱ्या कष्टाच्या, घरें कच्चीं, आणि वर्ण काळा म्हणून मिळणारी वागणूक. ‘काळ्यांना काळाच पाव’ अशा अर्थाचें बोलणें ऐकावें लागल्याची तक्रार त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. १९५१ सालीं त्यांतील कांहीं कुटुंबांनीं तेल अवीव्ह येथें धरणें धरलें आणि आम्हांला परत हिंदुस्थानांत पोंचवा अशी मागणी केली. १९५२ सालीं कांहीं लोक खरोखरच परत आले. धरणें धरून बसण्याची ही रीत ते कोठून शिकले होते हें वाचकांस सांगावयास नकोच.

याहून मोठा घाव पुढें बसला. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें असा आदेश काढला कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणाचें लग्न इतर यहुद्याशीं लावावयाचें असल्यास आई-आजीपासून मागें शक्य तितकी वंशावळ तपासावी. हे लोक खरे यहुदी कीं नव्हेत, हा त्यांतील प्रश्न. ज्यांनीं शनिवारच्या एका व्रतासाठीं शतकानुशतकें तेली हें नांव मिरवलें, त्यांना स्वतःच्या धर्माच्या देशांत वधूपरीक्षेच्या वेळीं असें उभें केलें गेलें. सोयरिकीच्या वेळीं कुळ-गोत्र विचारण्याची संवय असलेल्या आमच्या घरांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबून विचार करावा. विचारणारा नेहमीं सहज विचारतो. ज्याला उत्तर द्यावें लागतें त्याच्या घरांत मुलगी आंत रडत असते. १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरूसलेमांत पुन्हां धरणें झालें. स्त्रिया, म्हातारे, मुलें असे सर्व रस्त्यावर बसले. शेवटीं १७ ऑगस्ट १९६४ रोजीं तेथील लोकसभेनें, ज्याला नेसेट म्हणतात, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत धर्मपीठानेंहि आदेशांतून त्यांचें नांव काढलें.

आणि याच वर्षांच्या मागेंपुढें चेंडूफळीनें त्या देशांत मूळ धरलें. इंग्रजांच्या अमलांत तेथें गोरे शिपाई व अधिकारी हा खेळ खेळत. ते गेल्यावर खेळहि मावळला. पुढें दक्षिण आफ्रिका, इंग्लंड व भारत येथून आलेल्या यहुद्यांनीं तो पुन्हां उभा केला. १९६८ सालीं इस्रायलची क्रिकेट संघटना झाली आणि १९७४ सालीं ती आंतरराष्ट्रीय संस्थेची सहसभासद झाली. संघटनेच्या बैठकींत इंग्रजी बोलणारे आफ्रिकेचे व इंग्लंडचे लोक पुढें असत. पण लोद, अश्दोद, बीरशेबा आणि दिमोना या गांवांच्या मैदानांवर खेळणारांत आमचे कोंकणी-मुंबईकर होते. काळ जसजसा लोटला तसतसा हा खेळ तेथें ‘भारतीयांचा खेळ’ होऊन गेला.

दिमोना हें गांव पाहण्यासारखें आहे. अणुभट्टीमुळें जगाला त्याचें नांव ठाऊक झालें. पण तेथें सुमारें साडेसात हजार भारतीय वंशाचे लोक राहतात, तें ठाऊक असणारे थोडे. गांव १९५५ सालीं नेगेव्हच्या उजाड पठारावर वसविलें. तेथें कापडाची गिरणी निघाली आणि मुंबईहून आलेल्यांना निदान गिरणीचा भोंगा तरी ओळखीचा वाटला. पाऊस नांवाला, हिरवळ करावयाची तर पाणी तोलून घालावें लागतें. म्हणून खेळ बहुधा अंथरलेल्या पट्टीवर, आणि क्षेत्ररक्षकानें अंग टाकलें तर कोपर सोलून निघतें. आपल्याकडे आझाद मैदानाच्या मातींत वाढलेल्यास याचें भय वाटत नाहीं. माझा सोबती सांगतो कीं, सामना म्हटला कीं सारीं कुटुंबें निघत. डब्यांत पोहे, वडे, चपात्या. म्हाताऱ्या बायका सावलीला बसून खेळाकडे पाठ करून गप्पा मारीत. खेळ हें निमित्त. आठवडाभर निरनिराळ्या कारखान्यांत, निरनिराळ्या देशांहून आलेल्या लोकांत मोडक्या हिब्रूंत बोलणाऱ्या माणसांना पांच-सहा तास आपल्या भाषेंत भांडावयास मिळत होतें.

हिब्रूंत भारताला होदू म्हणतात. सिंधु शब्दाचा पारशीकांनीं हिंदु केला व तोच पुढें होदू झाला. म्हणजे हें नांव मूळचें आपल्याच नदीचें. भारतीय मनुष्य तो होदी. रायगडांत शनिवारच्या खुणेनें ज्यांना निराळे काढलें, त्यांना त्या देशांत शनिवार कांहीं निराळें ठरवूं शकेना, कारण तेथें सगळेच शनिवार पाळणारे. मग तेथील लोकांनीं दुसरी खूण शोधली. सिनेमाचीं हिंदी गाणीं, साडी, कढीपत्त्याचा वास आणि हातांत ती चपटी लांकडी फळी. इकडे शनवार तेली, तिकडे होदी. एकाच माणसाला एका देशांत त्याच्या धर्मावरून परका ठरविलें आणि दुसऱ्या देशांत त्याच्या खेळावरून. माझ्या मतें या सगळ्या वृत्तांतांतील विचार करण्याजोगी गोष्ट ही आहे.

शनिवारचा पेंच मात्र तेथेंहि सुटलेला नाहीं. उलट अधिक बिकट झाला आहे. त्या देशांत साप्ताहिक सुट्टी शनिवारची. फुटबॉलचे मोठे सामने बहुतेक त्याच दिवशीं होतात. आतां ज्यांनीं व्रत म्हणून त्या दिवशीं घाण्याला हात लावला नाहीं, त्यांच्या नातवानें त्या दिवशीं चेंडूला हात लावावा कीं नाहीं? एका घरांत आजोबा प्रार्थनेला जातात आणि नातू मैदानावर. दुसऱ्या घरांत नातू कडक शास्त्राचा निघतो आणि आजोबाच दूरदर्शनवर भारताचा सामना लावून बसतात. हे वाद आपल्या घरांतील एकादशीच्या वादांसारखेच आहेत आणि ते तसेच मिटतात. म्हणजे मिटत नाहींत, पण जेवायला सगळे एका पंगतीला बसतात.

आंतरराष्ट्रीय मैदानावर या संघाला यश बेताचेंच मिळालें. १९७९ पासून २००१ पर्यंत ‘आय्. सी. सी. ट्रॉफी’च्या स्पर्धांत तो उतरला व बहुतेक सामने हरला. १९७९ सालीं इंग्लंडांत मात्र एक चमत्कार झाला. श्रीलंकेच्या बलाढ्य संघानें राजकीय कारणासाठीं इस्रायलशीं खेळण्याचें नाकारलें आणि सामना न खेळतां इस्रायलला मिळाला. स्पर्धा शेवटीं श्रीलंकेनेंच जिंकली. तेव्हां त्या वर्षीं विजेत्यांवर विजय मिळविणाऱ्यांत दिमोनाचाहि वांटा होता असें कोणी थट्टेनें म्हणूं शकेल. १९९७ सालीं मलेशियांत याच संघाविरुद्ध निदर्शनें झालीं. आशियांतला हा देश, पण आशियांत त्याच्याशीं खेळावयास कोणी राजी नाहीं, म्हणून त्याला युरोपच्या गटांत घातलें आहे. २०२२ सालीं बेल्जममध्यें विश्वचषकाच्या पात्रता-फेरींत माल्टा, पोर्तुगाल, हंगेरी अशांच्या पंक्तींत तो खेळला. गंमत अशी कीं, त्या पोर्तुगालच्या किंवा माल्टाच्या संघाकडे पाहावें तर तेथेंहि पंजाब, केरळ व पाकिस्तानकडून पोट भरावयास गेलेलीं मुलें. युरोपच्या मैदानावर दोन्ही बाजूंनीं आपल्याच उपखंडांतले लोक समोरासमोर उभे.

खेळाच्या आधारानें परदेशीं तग धरणारे हे एकटेच नव्हेत. अमेरिकेंतील सेंट लुइस या शहरांत १९९२ ते १९९५ च्या युद्धांतून निसटलेले बोस्नियाचे हजारों लोक येऊन राहिले. त्यांची काफीची दुकानें, त्यांची बेकरी, त्यांचीं मासिकें यांनीं त्या शहराचा एक ओस पडत चाललेला भाग पुन्हां जागता केला. त्यांचें दैवत फुटबॉल. वेदाद इबिशेविच नांवाचा मुलगा त्याच शहरांत शाळा-कॉलेजांत शिकला, आणि २०१३ च्या ऑक्टोबरांत लिथुआनियाविरुद्ध त्यानें केलेल्या गोलानें बोस्निया देश प्रथमच विश्वचषकास पोंचला. पुढच्या महिन्यांत बोस्निया व अर्जेंटिना यांचा सामना त्याच सेंट लुइसमध्यें झाला, आणि २०१४ सालीं विश्वचषकांतला बोस्नियाचा पहिला गोलहि इबिशेविचनेंच केला. ज्या देशांतून पळावें लागलें त्याच्या ध्वजाखालीं आनंदानें ओरडावयास मिळणें, ही त्या लोकांची मिळकत. आमच्या दिमोनाच्या लोकांना अशी मिळकत नाहीं. भारताचा संघ जिंकला तर ते नाचतात. पण तो त्यांचा देश आतां कागदोपत्रीं नाहीं, आणि ज्या देशाचा कागद त्यांच्याजवळ आहे त्याला चेंडूफळीशीं कर्तव्य नाहीं.

भाषेचें काय झालें, हा प्रश्न जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसानें विचारल्यावांचून राहवत नाहीं. तेथें मराठी जगली, आणि आपल्या कल्पनेहून अधिक काळ जगली. ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिक १९८५ पासून तेथें निघत आलें. नोहा मस्सील यांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. इस्रायलांत छापलेलें, देवनागरी अक्षरांचें, कोंकणच्या आठवणींनीं भरलेलें असें हें मासिक. महाराष्ट्रदिनहि तेथें साजरा होतो. भारतीय वंशाच्या तेथील लोकांची संख्या आज ऐंशी हजारांच्या वर सांगतात. त्यांत कोचीनचे, ईशान्येकडले व बगदादी यहुदीहि आहेत, पण सर्वांत मोठा भाग बेने इस्राएलांचाच. तरीहि मासिक वाचणारे म्हातारे झाले आहेत. मुलें पलटणींत जातात, हिब्रूंत प्रेम करतात, मोरोक्को किंवा पोलंडकडल्या घरांत लग्नें करतात. सून मोरोक्कोची आली कीं घरांत मलिदा राहतो, पुरणपोळी राहते, भाषा राहत नाहीं. हें कोणाच्या निष्काळजीपणानें होतें असें नव्हे. ठाण्या-पुण्याच्या आमच्या घरांतहि नातवंडें आजीशीं कोणत्या भाषेंत बोलतात तें आपण पाहतोंच, आणि येथें तर समुद्रहि ओलांडावा लागलेला नाहीं.

खेळाचेंहि भवितव्य निर्धास्त नाहीं. तिसऱ्या पिढीचा ओढा फुटबॉल व बास्केटबॉल यांकडे आहे. मैदानावर अलीकडे भारत व श्रीलंका येथून रुग्णसेवेच्या, बांधकामाच्या किंवा संगणकाच्या कामासाठीं तात्पुरते गेलेले लोकच अधिक दिसतात असें ऐकतों. म्हणजे पूर्वीं आलेल्यांचा खेळ नव्यानें येणारे चालवीत आहेत. त्यांत हळहळण्यासारखें कांहीं मला दिसत नाहीं. हजारों वर्षें टिकलेल्या समाजानें एक खेळ पन्नास-साठ वर्षें सांभाळला, हें पुष्कळ झालें.

इकडे महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. आतां मुंबई, ठाणें व रायगड मिळून त्यांची संख्या चार-पांच हजारांच्या आंतच आहे. पनवेलच्या मंदिरांत सणावाराला मुंबई-ठाण्याकडून माणसें येतात, इस्रायलहूनहि येतात. तीं आलीं म्हणजे बाजारांत वालाची चौकशी करतात, आणि दुकानदारहि ‘बिरड्याला हवेत ना’ म्हणून आपण होऊन मोठे वाल काढून देतो.

माझा सोबती आतां पणजोबा व्हावयाच्या बेतांत आहे. गेल्या दिवाळींत व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतांना मीं त्याला विचारलें, ‘नातवाला मराठी कितपत येतें रे?’ तो म्हणाला, ‘अरे, तीन शब्द. हो, नको आणि थांब.’ नातू दिमोनाकडून चेंडूफळी खेळतो. धांव काढतांना समोरच्या गड्याला इंग्रजींत किंवा हिब्रूंत हांक मारली तर प्रतिपक्षाला कळतें; म्हणून त्या मैदानावरचे हे तीन शब्द आजोबांनीं मुलाला शिकविले आणि मुलानें नातवाला. तो पुढें म्हणाला, ‘परवां त्याच्या जोडीला केरळचा एक मुलगा होता, नोकरीसाठीं आलेला. त्यालाहि सामन्याआधीं तेच तीन शब्द पाठ करायला लावले.’